ट्रॅक्टरवरील तेलदाबाचा विंच : जोडणी व वापर

ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यास लागले, आणि पुढील वर्षी ता. १७ मे रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या जवळून समुद्रमार्गे उत्तरेकडे गेले. पहिल्यात श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडील नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या; दुसऱ्यात उपनगरांतील रस्तोरस्ती जुने वृक्ष उन्मळले. रस्त्यावरचे झाड उचलण्यास क्रेन आणता येते. वाडीच्या आत किंवा उतारावर पडलेल्या झाडापाशी क्रेन पोचत नाही, आणि बैलजोडी आता थोड्यांच्याच दारी उरली आहे. ट्रॅक्टर मात्र आहे. तेव्हा त्यास विंच जोडून ओंडके ओढून काढावे, हा विचार सहजच सुचतो. आमचे जे वाचक अंधेरी-बोरिवलीस किंवा मुलुंड-घाटकोपरास राहून शहापूर, मुरबाड, पालघरकडील जमीन पाहतात, त्यांस या कामी उपयोगी पडेल तेवढे येथे लिहितो.

ट्रॅक्टर आपणांस परका नाही. कांदिवलीच्या कारखान्यातून १९६५ साली बी-२७५ हा पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर निघू लागला, आणि त्या घराण्यातील यंत्रे आजही कोकणात चालताना दिसतात. परंतु या यंत्राचा तेलपंप मुळात नांगर उचलण्यापुरता आहे, ही गोष्ट विंच घेणारा विसरतो. हिशेब करून पाहावा. पंप मिनिटास १५ लिटर तेल १५० बार दाबाने देतो असे धरले, तर १५ गुणिले १५० भागिले ६००, म्हणजे पावणेचार किलोवॅट, अर्थात जेमतेम पाच अश्वशक्ती हाती येते. इंजिन पस्तीसाचे असले तरी विंचापर्यंत पोचतात त्या पाचच. त्यांतही चौथा हिस्सा मोटार व दातेरी चाकांत खर्च होतो. उरलेल्या शक्तीने १५०० किलोची ओढ धरली असता दोर मिनिटास अकरा मीटरांच्या आसपास येईल. पन्नास मीटर दोर गुंडाळण्यास चार-पाच मिनिटे लागतात. आमच्या मते हे संथपण दोष नसून गुणच आहे. ओंडका खुंटास अडकला तर थांबण्यास अवधी मिळतो. ज्यांस रोज लाकूडच ओढावयाचे आहे त्यांनी पीटीओवर चालणारा विंच घ्यावा. वर्षाकाठी दहा-वीस झाडे काढणाऱ्यास तेलदाबाचा पुरतो.

जोडणीत पहिली अडचण तेलाच्या वाटेची. जॅकच्या ट्रॉलीसाठी ट्रॅक्टरला जे एकच नळीचे तोंड दिलेले असते, त्यावर विंच चालत नाही. जॅकमध्ये तेल जाते आणि त्याच वाटेने परत येते. मोटारीत ते एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सतत बाहेर पडते. त्यास टाकीत परतण्याची स्वतंत्र, मोठी व मोकळी नळी पाहिजे. मोटारीच्या कवचातून झिरपणाऱ्या तेलाची बारीक नळीही निराळी टाकीत सोडावी. ती तुंबली की मोटारीचे सील फुटते. शिवाय जॅक मिनिटभर चालतो, विंच तासभर, म्हणून तेल तापते. टाकीस हात लावून सोसवेना इतकी ऊब आली की काम थांबवावे. पीटीओवर निराळा पंप व निराळी टाकी बसविली तर हे सारे सुटसुटीत होते. खर्च अधिक, पण नांगराच्या तेलात कचरा जात नाही. आणखी एक गोष्ट. मोटार बंद केली म्हणजे भार जागीच राहील असे समजू नये, कारण तेल आतून झिरपते आणि ओंडका हळूहळू मागे सरतो. यास्तव रिळास स्वतंत्र ब्रेक असलेलाच विंच घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. ओढ वाढत गेली तर काही ना काही हार खाणारच: दोर तुटेल, ट्रॅक्टर घसरेल किंवा पुढून उचलेल, अथवा तेलाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडेल. या सर्वांत प्रथम व्हॉल्व्ह उघडला पाहिजे, कारण त्यात कोणाचा जीव जात नाही. १० मिलीमीटर जाडीचा चांगला पोलादी तारदोर नवा असताना सुमारे सहा टनांस तुटतो. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड टन, ही आपली मर्यादा ठरवावी आणि व्हॉल्व्ह तेवढ्यावर लावावा. तो लावताना दोर जवळजवळ सगळा सोडून रिळावर चार-पाच वेढेच ठेवावेत. ओढ सर्वांत अधिक असते ती रिकाम्या रिळावर. वेढ्यांचे थर चढले की रिळाचा व्यास वाढतो आणि ओढ घटते. भरल्या रिळावर दीड टन बसवाल, तर रिकाम्यावर तीच दोन-अडीच टन होईल. दोराचे टोक व भक्कम बुंधा यांमध्ये क्रेनचा वजनकाटा अडकवावा, माणसे बाजूस काढावीत, आणि स्क्रू थोडा थोडा फिरवून काटा दीड टनावर थांबेल असे करावे. नंतर स्क्रूस तार बांधून शिशाचे सील ठोकावे. आमचा जन्म दप्तरास सील करण्यात गेला, म्हणून हे सांगतो असे कोणी म्हणेल. पण घाईच्या वेळी "आणखी अर्धा फेरा दे" म्हणणारा एक तरी इसम प्रत्येक वाडीत असतोच.

अठराशे-एकोणीसशे किलोच्या ट्रॅक्टरची चाके ओल्या जमिनीवर स्वतःच्या निम्म्या वजनाइतकीही ओढ धरीत नाहीत. म्हणून दीड टनाच्या ओढीत ट्रॅक्टरच ओंडक्याकडे घसरू लागतो. विंचाखाली पोलादी पाटा असतो तो यासाठीच. ओढण्यापूर्वी तो खाली टेकवून जमिनीत रुतवावा. दोर नेहमी सरळ मागून यावा. वरच्या दुव्यास, म्हणजे टॉप लिंकला, साखळी कधीही अडकवू नये. एकोणीसशे किलोच्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या सत्तर सेंटिमीटर पुढे धरला, तर जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरांवरून पडणारी दीड टनांची ओढ त्याची पुढली चाके उचलण्यास पुरी होते. चढावर तोंड असेल तर त्याहून कमी ओढ पुरते. हीच ओढ चाळीस सेंटिमीटरांवर असेल तर निम्म्याहून अधिक तोल शिल्लक राहतो.

तीन मीटर लांब, साठ सेंटिमीटर व्यासाचा ओला सागवानी ओंडका आठशे किलोंच्या आसपास भरतो, आणि सपाट जमिनीवर घसरत येण्यास साधारण चारशे ते सहाशे किलोंची ओढ लागते. म्हणजे दीड टन पुष्कळ झाला. अधिक लागली तर व्हॉल्व्हला हात न लावता कप्पी वापरावी. ओंडक्यास कप्पी व दोराचे टोक बुंध्यास बांधल्याने ओढ दुप्पट, वेग निम्मा होतो. मात्र कप्पी व तिचा फास यांवर दोराच्या दुप्पट भार येतो, ते त्याच हिशेबाने घ्यावेत. टोकाचा फास तीन क्लिपांनी आवळताना क्लिपचे बूड भार वाहणाऱ्या दोरावर आणि वाकलेली सळई आखूड टोकावर यावी. उलट बसविलेली क्लिप दोर चेपून कमकुवत करते. तारा तुटलेला दोर काढून टाकावा.

काम चालू असता दोराच्या रेषेत, तसेच कप्पीच्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूस, कोणी उभे राहू नये. दोर तुटला तर त्याच बाजूस फटकारतो. उन्मळलेल्या झाडाचे खोड तोडताना मुळांचा गड्डा पुन्हा उभा राहू शकतो. त्याच्या मागील खड्ड्यात माणूस वा जनावर नाही, हे आधी पाहावे.

झाड आपल्या मालकीचे असले तरी सागवान, खैर, ऐन, आंबा, फणस अशा झाडांस राज्याच्या १९६४ च्या कायद्याप्रमाणे तोडीची पूर्वपरवानगी लागते. उपनगरांत १९७५ चा निराळा कायदा असून परवानगी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची. वादळाने पडलेल्या झाडास करवत लावण्यापूर्वी तलाठ्याकडून, नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, पंचनामा करून त्याची नक्कल घ्यावी, आणि लाकूड गावाबाहेर न्यावयाचे असल्यास वाहतुकीचा परवाना ट्रॅक्टर हलण्यापूर्वीच हाती असावा.