चिन्ह पूर्ण, तरी पान उघडत नाही

मुरबाड तालुक्यातील म्हसा परिसरातली एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. बाई मोबाइलवर धड्याची चित्रफीत लावत आहेत. वाय-फायचे हातपंख्यासारखे चिन्ह पूर्ण भरले आहे, पण पडद्यावर चक्र नुसते फिरते आहे. तास संपत आला आहे. अशा वेळी दिसेल ते बटण दाबण्यापेक्षा विचारावे : अडले आहे ते नेमके कुठे?

माहितीच्या वाटेचे दोन टप्पे असतात. मोबाइल ते राउटर हा पहिला, तो रेडिओलहरींचा. राउटर ते बाहेरचे जग हा दुसरा. चिन्ह फक्त पहिल्या टप्प्यातील लहरींची ताकद दाखवते. दुसरा टप्पा तुटला तरी ते भरलेलेच राहते.

म्हणून आधी दुसरा मोबाइल जोडून पाहावा. दोन्ही अडले, तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. फायबरची जोडणी असून ‘एलओएस’चा तांबडा दिवा लागला असेल, तर तारेतून प्रकाशच पोचत नाही. मग मोबाइलशी कितीही झटापट केली तरी व्यर्थ. सेवा देणाऱ्यालाच कळवावे.

एकच मोबाइल अडला, तर त्याची तारीख पाहावी. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांना मुदत असते. तारीख चुकली की मोबाइल ती नाकारतो. तारीख बरोबर असेल, तर जोडणी पुसून पासवर्ड नव्याने द्यावा.

चिन्हच अपुरे असेल, तर वाटेतील अडथळे शोधावेत. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी सुमारे 12.5 सेंटिमीटर, तर 5 गिगाहर्ट्‌झची सुमारे 6 सेंटिमीटर. दुसऱ्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंतीपुढे लवकर थकतात. पत्रा आणि लोखंडी कपाट लहरी परतवतात. पाणी त्या शोषते. माणसाच्या शरीरातही पाणीच जास्त, म्हणून भरलेल्या वर्गात लहरी क्षीण होतात. शिवाय एका वाहिनीवर मोबाइलना आळीपाळीने बोलावे लागते. म्हशाच्या यात्रेतल्या गुरांच्या बाजारात सगळे एकदम ओरडले तर सौदा होईल का? तसेच हे.

करून पाहा : एका अँड्रॉइड मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दुसरा त्याला जोडा. दुसऱ्याचा स्वतःचा डेटा बंद ठेवा. आता पहिल्याचाही डेटा बंद करा. दुसऱ्यावरचे चिन्ह किती उरले? नवे पान उघडते का? कोणता टप्पा तुटला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.