मोठ्या सांध्याचे बोट आणि विवाहाची अंगठी

विवाहसंस्कारात वधूवरांनी परस्परांना संमती दिल्यानंतर धर्मगुरू अंगठ्यांना आशीर्वाद देतात आणि वधूवर त्या एकमेकांच्या बोटांत घालतात. नेमकी याच क्षणी पुष्कळदा अडचण उभी राहते. अंगठी पहिल्या सांध्यावरून सहज सरकते आणि मधल्या सांध्यापाशी येऊन थांबते. वर ती नेटाने ढकलतो, वधू ओठ घट्ट मिटून घेते आणि छायाचित्रकार मात्र पुढे सरसावून वाट पाहत उभा असतो. विवाहाच्या रौप्य वा सुवर्णमहोत्सवी मिस्साबलिदानात याच्या उलट प्रकार घडतो. पंचवीस-पन्नास वर्षे बोटात असलेली अंगठी आशीर्वादासाठी निघतच नाही. अथवा बाळंतपणात काढून कपाटात ठेवलेली अंगठी आता काही केल्या चढत नाही.

प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या परिसरांतील कुटुंबांत साठी ओलांडलेली जोडपी पुष्कळ आहेत आणि हिंगणा औद्योगिक वसाहतीत यंत्रांवर हात चालवणारे तरुणही आहेत. दोघांनाही हा विषय लागू पडतो. तो केवळ शोभेचा नाही. त्यात दुखणे आहे, प्रसंगी बोट गमावण्याचा धोका आहे आणि मनाला लागणारी एक खंतही आहे.

प्रथम बोटाची रचना लक्षात घेऊ. अंगठी राहते ती तळहाताजवळच्या पेराच्या मुळाशी. परंतु तेथे पोहोचण्यासाठी तिला मधला सांधा ओलांडावा लागतो. ज्यांचे हे दोन्ही घेर जवळपास सारखे असतात, त्यांना काहीच त्रास होत नाही. ज्यांचा सांधा मोठा आणि बोटाचे मूळ बारीक असते, त्यांच्यासाठी एकच माप दोन्ही ठिकाणी खरे ठरू शकत नाही. सांध्याच्या मापाची अंगठी मुळाशी फिरत राहते, तिचा खडा तळहाताकडे वळतो आणि शेजारच्या बोटांना टोचतो. मुळाच्या मापाची अंगठी सांध्यावर अडकते. म्हणून ‘घट्ट होते ना, मग दोन नंबर वाढवून द्या’ हा दुकानातला नेहमीचा उपाय म्हणजे एक दुखणे देऊन दुसरे विकत घेणे होय.

सांधे मोठे का असतात? काहींची ठेवणच तशी असते. वडिलांचे बोट पाहिले की मुलाच्या बोटाचा उलगडा होतो. उतारवयात सांध्यांची झीज होऊन मधल्या सांध्यावर हाडाच्या कठीण गाठी येतात. शार्ल बूशार या फ्रेंच वैद्यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. नखाजवळच्या सांध्यावरील तशाच गाठींना हेबर्डन या इंग्रज वैद्यांचे नाव आहे. स्त्रियांमध्ये त्या अधिक आढळतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मात्र सांधा सुजतो, गरम होतो, आणि सकाळी हात आखडलेला असतो. अशा वेळी सोनाराच्या आधी डॉक्टरांकडे जावे, कारण त्या सुजेवर औषध आहे. बोटे कडाकडा मोडल्याने सांधे जाड होतात, असे आजीने प्रत्येक घरात सांगितलेले असते. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे रोज मोडली आणि उजव्याची मोडली नाहीत. संधिवात दोन्ही हातांना झाला नाही. या चिकाटीबद्दल त्यांना २००९ मध्ये विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले. एका माणसाच्या हातावरून शास्त्र ठरत नाही, हे खरे; तरी आजीची भीती आपण थोडी सैल करावयास हरकत नाही.

आता मापाविषयी. घरी दोरा गुंडाळून माप घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. पण मोठ्या सांध्याच्या बोटाला ती फसवते. सांधा गोल नसतो, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असा चपटा असतो. समजा, सांधा २१ मिलिमीटर रुंद आणि १७ मिलिमीटर उंच आहे. दोरा त्याचा घेर सुमारे ६० मिलिमीटर सांगेल. तेवढ्या घेराच्या गोल अंगठीची आतली रुंदी भरते केवळ १९ मिलिमीटर. दोऱ्याने माप बरोबर घेतले, तरी अंगठी दोन मिलिमीटरने अडली! त्वचा थोडी दबते, हाड दबत नाही. म्हणून सोनाराकडील मापाच्या कड्यांचा जुडगा बोटात घालूनच माप घ्यावे, आणि तेही दोन वेळा : एकदा सांधा ओलांडणारी सर्वांत लहान कडी कोणती ते पाहावे, व एकदा मुळाशी नीट बसणारी कडी कोणती ते. आपल्याकडील अंगठीच्या क्रमांकांत एका क्रमांकामागे आतला घेर साधारण एक मिलिमीटरने बदलतो. तेव्हा मुळाचा क्रमांक १६ आणि सांध्याचा २२ आला, तर ६ मिलिमीटरचा फरक कोठे तरी भरून काढावा लागणार, हे सोनाराला तेथेच कळते. अंगठी जितकी रुंद हवी असेल, तितक्याच रुंदीच्या कडीने माप घ्यावे. रुंद पट्टी त्याच क्रमांकात अधिक घट्ट लागते.

नागपूरकरांनी ऋतूकडेही लक्ष द्यावे. आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळ वगळून आपल्याकडील विवाह बहुधा नाताळानंतर किंवा ईस्टरनंतर ठरतात. मे महिन्यातील विवाहाच्या अंगठ्यांचे माप थंडीत, जानेवारीच्या एखाद्या सकाळी दिले जाते. थंडीत बोट आक्रसलेले असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावू लागला, की तेच बोट फुगते. माप दुपारनंतर, हात नेहमीच्या तापमानाला असताना घ्यावे. उन्हातून चालत आल्याबरोबर किंवा थंड पाण्यात हात घातल्यावर घेऊ नये. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी घ्यावे.

फरक भरून कसा काढावयाचा, याचे उत्तर आपल्या दागिन्यांत पूर्वीपासून आहे. काचेची बांगडी भरणारी कासारीण मनगटाकडे पाहत नाही. ती हाताचे पेरे आणि अंगठ्याचे मूळ दाबून पाहते, कारण बांगडीला तेथून जावयाचे असते. हात दाबून बांगडी भरता येते, हाडाची गाठ दाबून अंगठी भरता येत नाही, एवढाच भेद. सोन्याच्या तोड्यांना म्हणूनच फिरकी असते. तोडा उघडतो, मनगटाला बसतो व पुन्हा बंद होतो. पायातली जोडवी खालून उघडी असतात, त्यामुळे ती हव्या त्या बोटाला दाबून बसवता येतात. आणि शुद्ध सोन्याच्या तारेचे वेढणे तर हाताने सैल वा घट्ट करता येते. अंगठीसाठी जे उपाय आज सुचवले जातात, ते याच तीन युक्त्यांचे भाऊबंद आहेत.

फरक दोन-तीन क्रमांकांचा असेल, तर सांध्याच्या मापाची अंगठी करून तिच्या आतल्या बाजूस, खाली, सोन्याचे दोन बारीक मणी थोड्या अंतरावर झाळून घ्यावेत. सांधा ओलांडताना ते बोटाच्या मऊ भागातून सरकतात आणि मुळाशी पोहोचल्यावर अंगठीला फिरू देत नाहीत. हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा उपाय आहे. मणी नकोसे झाले तर काढताही येतात. फरक याहून थोडा अधिक असेल, तर घोड्याच्या नालेच्या आकाराची पातळ लवचिक पट्टी आत बसवतात. ती सांध्यावर दबते व मुळाशी पुन्हा उघडते. अंगठीचा खालचा भाग गोल न ठेवता किंचित चौकोनी करून घेणे हाही चांगला मार्ग आहे, कारण चौकोनी तळ फिरत नाही. फरक पाच-सहा क्रमांकांचा झाला, की या युक्त्या तोकड्या पडतात. तेथे तोड्याप्रमाणे बिजागरी आणि खटका असलेली अंगठी करावी. ती उघडून बोटाच्या बाजूने घातली जाते. सांधा ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. ती महाग पडते, तिला कुशल कारागीर लागतो आणि खटका वरचेवर तपासावा लागतो. तरीही ज्यांच्या बोटांवर गाठी आल्या आहेत व पुढे वाढणार आहेत, त्यांनी इतर उपायांवर दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच हा करावा.

खालून उघडी अंगठी दिसायला सोपी वाटते, पण रोजच्या वापरात तिच्या टोकांत कपड्याचे धागे अडकतात. सोने २२ कॅरेटचे असेल तर ते मऊ असते. वारंवार वाकवले, की चीर पडते. लवचिक पट्टी आणि खटका यांसाठी १८ कॅरेटचे सोने अधिक टिकते. आईच्या अंगठीला दोरा गुंडाळून ती सुनेला देण्याची रीत घरोघर आहे. एका दिवसासाठी ती ठीक. रोज घातली तर दोरा पाणी धरतो, साबण साठतो आणि खालची कातडी पांढरी पडून खाजू लागते.

जुनी अंगठी वाढवण्यासाठी इतवारीच्या सराफा ओळीत न्याल, तेव्हा घालावयाचे सोने त्याच शुद्धतेचे असावे आणि काम होण्यापूर्वी व नंतर तुमच्यासमोर वजन व्हावे. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. नव्या अंगठीवर सहा अक्षर-अंकांची खूण असते. अंगठी कापताना ती खूण वाचवावी, असे कारागिराला आधी सांगावे. चहूबाजूंनी खडे बसवलेली अंगठी सहसा वाढवता येत नाही. टायटॅनियम आणि टंगस्टन कार्बाइड या धातूंच्या अंगठ्यांचे आकर्षण तरुणांत आहे. परंतु सोन्यासारखे कापून व झाळून त्यांचे माप बदलत नाही, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे.

अंगठी अडकली तर? हात पाच मिनिटे डोक्याच्या वर धरावा, थंड पाण्यात बुडवावा, मग साबण किंवा तेल लावून अंगठी ओढण्याऐवजी हळूहळू फिरवत काढावी आणि सांध्यावरची कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरावी. तरीही निघाली नाही, तर गुळगुळीत मजबूत दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून तळहाताकडे घ्यावे. उरलेला दोरा अंगठीला लागून बोटाच्या टोकाच्या दिशेने, सांध्याच्या पुढेपर्यंत, वेढ्याला वेढा चिकटवून घट्ट गुंडाळावा. मग तळहाताकडचे टोक बोटाच्या टोकाकडे ओढत सोडवत जावे. दोरा उलगडतो तशी अंगठी दाबलेल्या सांध्यावरून पुढे सरकते. बोटाला जखम किंवा हाड मोडल्याची शंका असेल, तर हा प्रयोग करू नये. बोट निळे-पांढरे पडले, बधिर झाले किंवा सूज वाढत चालली, तर वेळ न दवडता रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. तेथे अंगठी कापण्याचे छोटे उपकरण असते आणि काम काही मिनिटांत होते.

येथेच ती खंत आडवी येते. विवाहाची अंगठी कापणे अशुभ आहे, जोडीदारावर संकट येईल, या समजुतीने कित्येक भगिनी सुजलेले बोट घेऊन रात्र काढतात. विधवा मातांना तर ती पतीची शेवटची खूण वाटते. त्यांच्या भावनेचा आदर राखून स्पष्ट सांगितले पाहिजे : विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने. अंगठी ही प्रेमाची व निष्ठेची खूण आहे. ती कापल्याने विवाहाला ओरखडाही उमटत नाही. कापलेले सोने नव्याने जोडता येते, आणि जोडलेल्या किंवा नव्या अंगठीवर धर्मगुरूंकडून आशीर्वाद घेता येतो. वर्धापनदिनाच्या मिस्सेत तसा विधीही आहे. अंगठी वेदीसमोर सांध्यावर अडली, तर तेथेच राहू द्यावी. ज्याचे बोट आहे तो ती पुढे स्वतः फिरवून बसवील. विधीत काही उणे राहत नाही.

अनामिकेतून एक शीर थेट हृदयाकडे जाते, ही समजूत रोमन काळापासूनची आहे आणि सेव्हिलचे संत इसिदोर यांनीही तिचा उल्लेख केला आहे. शरीरशास्त्रात तिला आधार नाही. तेव्हा अनामिकेचा सांधा फारच वाढला असेल, तर अंगठी पुढे करंगळीत घालावी किंवा साखळीत ओवून गळ्यात ठेवावी. यंत्रावर, शिडीवर किंवा मळणीयंत्रापाशी काम करणाऱ्यांनी तर कामाच्या वेळी ती काढलीच पाहिजे. अंगठी अडकून झटका बसला, की कातडी आणि कधी बोटही सोबत जाते. गर्भवती भगिनींनी शेवटच्या महिन्यांची सूज येण्यापूर्वी, आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी रुग्णालयात जाण्यापूर्वी घरीच ती उतरवावी. हाताला मार लागला किंवा मधमाशी चावली, तर सूज चढण्याआधी प्रथम अंगठी काढावी, मग बाकीचे उपचार.

महोत्सवी मिस्सेसाठी अंगठी हवी असेल, तर आदल्या दिवशी कपाट उघडू नये. महिनाभर आधी ती घालून पाहावी, म्हणजे सोनाराला अवधी मिळतो. आणि दुरुस्त झालेली अंगठी दुकानातच एकदा घालून, पाच-दहा मिनिटे थांबून, काढून पाहावी. चढली पण उतरली नाही, तर ती तेथेच परत द्यावी.