ब्रेक दाबताना गाडी का थरथरते?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घराघरांत प्रवासाचे बेत ठरू लागतात. वर्षभर दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये फिरणारी गाडी अशा वेळी घरातील सर्वांना घेऊन घाट उतरणार असते. शहराच्या गर्दीत ताशी ३० किलोमीटरने चालताना न जाणवलेला दोष मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगाने जाताना ब्रेक दाबताच प्रकट होतो. स्टिअरिंग हातात थरथरू लागते. ‘गाडी जुनी झाली’ म्हणून पुष्कळ जण तिकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण गॅरेजमध्ये एकामागून एक भाग बदलत खर्च करीत राहतात. थरथर केव्हा आणि कोठे होते, हे नीट पाहिल्यास निदान अवघड नाही.

प्रथम काय पाहावे?

ब्रेक न दाबताही ठराविक वेगाला गाडी थरथरत असेल, तर दोष बहुधा ब्रेकचा नसतो. चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असते, टायरला फुगवटा आलेला असतो किंवा रिम वाकलेली असते. ब्रेक दाबल्यावरच थरथर सुरू होत असेल, तर मात्र ब्रेककडे वळावे.

थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवली, तर दोष प्रायः पुढच्या चाकांत असतो. ती आसनातून, गाडीच्या तळातून जाणवली, तर मागच्या चाकांचा संशय घ्यावा. अनेक लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि ड्रमचा गोलपणा बिघडला तरी असेच होते. पायाखालचे पेडल लयीत वरखाली होत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही असे समजावे. ओल्या वा निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबल्यावर पेडल भराभर धडधडते, ते मात्र एबीएसचे स्वाभाविक कार्य असते. अशा वेळी पाय उचलू नये.

मूळ कारण

‘डिस्क वाकली’ असे मिस्त्री सहज म्हणतात. प्रत्यक्षात पुष्कळदा डिस्क कोठे किंचित जाड, कोठे किंचित पातळ झालेली असते. ताशी ८० किलोमीटरला लहान गाडीचे चाक सेकंदाला सुमारे १२ फेऱ्या घेते आणि प्रत्येक फेरीत पॅड त्या उंचवट्याला भिडतो. म्हणूनच ०.०२ मिलिमीटरइतका फरकही हाताला जाणवू शकतो.

हा फरक निर्माण होण्याची कारणे साधी आहेत. चाकाचे नट हवेच्या गनने कमीजास्त आवळले, हबवरील गंज न घासता नवी डिस्क बसवली किंवा लांब उतारानंतर तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरून गाडी उभी ठेवली, तर डिस्क हळूहळू असमान होते. कॅलिपरच्या पिना अडकल्या तर पॅड सतत घासत राहतो. ते चाक इतरांपेक्षा अधिक तापते, जळका वास येतो आणि गाडी एका बाजूला ओढते. सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सैल असतील, तर लहानशी थरथर मोठी होते.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

हिशेब तपासल्याशिवाय रक्कम मान्य न करणारा व्यापारी गाडीच्या बाबतीत मात्र तोंडी निदानावर पैसे मोजतो. केवळ पॅड बदलून असमान डिस्क सुधारत नाही. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी मोजावयास सांगावे. डायल गेज लावून डिस्क फिरताना किती डुलते, तेही पाहावयास सांगावे. हे डुलणे सामान्यतः ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आत असावे लागते; नेमकी मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असते. डिस्क लेथवर घासून घेता येते, परंतु डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली ती जात असेल तर बदलणेच योग्य. एका धुरीवरील दोन्ही डिस्क जोडीने बदलाव्यात, हब स्वच्छ करून घ्यावा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळून घ्यावेत.

घाट उतरताना

खंडाळा, कसारा किंवा आंबा घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. वेगाचा बराच भार इंजिन पेलते. घाट संपताच तापलेल्या चाकांवर पाणी मारू नये.

थरथर वाढत असेल, पेडल मऊ पडून खोल जात असेल, धातू घासल्याचा आवाज येत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर प्रवास पुढे ढकलावा. ही तपासणी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, आठ दिवस आधी करून घ्यावी. म्हणजे दुरुस्तीला अवधी मिळतो आणि मागच्या आसनावर बसलेले आजी-आजोबा व मुले निर्धास्त प्रवास करू शकतात.