किनारा नेमका कोणता, हें कसें ओळखावें?

गतवर्षीं आमच्या वर्गांत एक गमतीची गोष्ट घडली. संगणकाच्या साह्यानें भारताचा नकाशा तयार करीत असतां एका विद्यार्थ्यानें ‘कोरोमांडेल’ हें नांव शोधलें, आणि जें पहिलें उत्तर मिळालें तेथें खूण केली. ती खूण बंगालच्या उपसागराच्या कांठीं न पडतां थेट न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर पडली! सारा वर्ग हंसला. परंतु विचार करतां त्या मुलाचा फारसा दोष नव्हता, असें आम्हांस वाटतें. न्यूझीलंडांत त्या नांवाचें द्वीपकल्प खरोखरच आहे. तामिळ देशाच्या किनाऱ्याचें नांव एका ब्रिटिश जहाजास दिलें गेलें, तें जहाज इ. स. १८२० मध्यें डोलकाठ्यांच्या लांकडासाठीं त्या बेटास गेलें, आणि जहाजाचें नांव तेथील भूमीस चिकटलें.

अशा घोटाळ्यांस आळा बसावा म्हणून भूगोलाचे मोठे ज्ञानसंग्रह, ज्यांस हल्लीं डेटाबेस म्हणतात, ते केवळ नांवावर विसंबत नाहींत. जिओनेम्स, इ. स. २०१२ मध्यें सुरू झालेला विकिडेटा, किंवा गेटी संस्थेचा स्थलनामकोश, यांपैकीं कोणताही घ्या. प्रत्येक स्थळास एक स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. शाळेच्या पटावर एकाच नांवाचे दोन विद्यार्थी असले तर हजेरीच्या क्रमांकानें त्यांची ओळख पटते, तसेंच हें. क्रमांकाखालीं त्या स्थळाचा प्रकार, अक्षांश-रेखांश, तें कोणत्या देशांत मोडतें, व त्याचीं निरनिराळ्या भाषांतील नांवें लिहिलेलीं असतात.

यांपैकीं प्रकार लिहिणें वरवर सोपें वाटतें. खरी अडचण तेथेंच आहे. मराठींत आपण ‘किनारा’ या एकाच शब्दानें तीन भिन्न वस्तु सांगतों. पाणी व जमीन जेथें मिळतात ती रेषा हा किनारा. सायंकाळीं आपण फिरावयास जातों ती वाळू, जिला कोंकणांत पुळण म्हणतात, तीही किनारा. आणि समुद्रापासून आंत पसरलेली सारी पट्टी, तीही किनाराच. जिओनेम्समध्यें किनारपट्टीस एक संकेत आहे व पुळणीस दुसरा. मुरुडची पुळण व कोंकणची किनारपट्टी एकाच रकान्यांत घातली, तर एका गांवापुरती वाळू आणि अनेक जिल्ह्यांची भूमि हा भेदच नाहींसा होतो. (आणि मुरुड तरी कोणतें? जंजिऱ्याजवळचें एक, दापोलीजवळचें दुसरें. तिसरें लातूरकडे आहे, जेथें समुद्रच नाहीं!) शिवाय हे संग्रह बहुधा एका स्थळासाठीं एकच बिंदु देतात. गांवास बिंदु पुरतो. लांबलचक किनारा कोठें सुरू होतो व कोठें संपतो, हें मात्र त्यावरून कळत नाहीं.

सर्वांत गुंतागुंतीचें उदाहरण मलबारचें. कोणाच्या लेखीं मलबार किनारा केरळापुरता, तर कोणाच्या लेखीं पश्चिम किनाऱ्याचा मोठा भाग व्यापणारा. मद्रास इलाख्यांत मलबार नांवाचा जिल्हाही होता. तो १९५७ सालीं तीन जिल्ह्यांत विभागला गेला. आणि मुंबईंत मलबार हिल आहेच. तेव्हां एका नांवासाठीं किनारा, नाहींसा झालेला जिल्हा व टेकडी अशा तीन निराळ्या नोंदी हव्यात, व जिल्ह्याच्या नोंदीस त्याचें शेवटचें वर्ष जोडलें पाहिजे. तें न जोडल्यास जुन्या जनगणनेचे आंकडे भलत्याच प्रदेशास लावले जातील.

आतां आपल्या कोंकणाकडे वळूं. शासनाच्या कोंकण विभागांत मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणें, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सात जिल्हे येतात. हवामानखातें मात्र ‘कोंकण व गोवा’ असा एकच भाग धरतें. भाषेच्या दृष्टीनें पाहणारा कारवाराकडेही कोंकण पाहील. यांपैकीं एकही चुकीचें नाहीं. तिन्ही एकाच नोंदींत कोंबणें ही चूक होय. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. अशा प्रसंगीं इशारा कोणत्या किनाऱ्यास आहे, हें बंदरावरील कोळ्यास निःसंशय कळलें पाहिजे. होडी पाण्यांत लोटावी कीं वर ओढून घ्यावी, हें त्यावरच ठरतें.

लांबीविषयींही थोडें सांगावयास हवें. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर, असें पालकांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत पाठ केलें असेल. नव्या मोजणीप्रमाणें तो ११,०९८.८१ किलोमीटर आहे, व महाराष्ट्राचा आंकडा ६५२.६ वरून ८७७.९७ वर गेला आहे. जमीन कांहीं वाढली नाहीं. मोजपट्टी बारीक झाली. ठोकळ नकाशावर खाडीचें तोंड एका सरळ रेघेनें मिटून जातें. बारीक नकाशावर तीच रेघ खाडींत शिरते, वळणें घेत दुसऱ्या तीरानें परत येते. म्हणून लांबीच्या आंकड्याशेजारीं मोजणीचें वर्ष व नकाशाचें प्रमाण लिहिणें अवश्य आहे. नाहींतर दोन बरोबर आंकडे एकमेकांस खोटे पाडतात.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें पुढच्या आठवड्यांत नवा नकाशा करून आणला. प्रत्येक नांवाखालीं त्यानें बारीक अक्षरांत देश व अक्षांश लिहिले होते, आणि कोरोमांडेल चेन्नईच्या बाजूस योग्य जागीं होतें. मुरुड मात्र त्यानें अजून एकच दाखविलें आहे.