फळ्यावरच्या सुविचारापासून फॉन्टपर्यंत

काल भाचीनं विचारलं, "मावशी, अक्षरं काढायचे पैसे कोण देतं गं?"

मला देतात! शाळेत फळ्यावरचा सुविचार माझ्याकडे असायचा. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा झाल्या, कॉलेजात बोरू हातात आला. आता देवनागरी फॉन्ट करते.

म्हणजे काय? साधा 'ख' घ्या. त्यातले र आणि व खाली जोडले नाहीत, तर 'खाना'चं 'रवाना' होतं. जोडले, तर मोबाइलवर बारीक आकारात आतली पोकळी बुजते. या एका अक्षरात माझे दोन दिवस गेलेत. जोडाक्षरं तर शेकड्यांनी!

कॉम्प्युटरवरचा 'मंगल' फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला, हे ऐकून भाची चाट पडली.

कुणाच्या मुलांना या वाटेनं यायचंय? कमेंटमध्ये विचारा, सवडीनं उत्तर देते.