जकातीचं शेवटचं वर्ष

भायखळ्यात महापालिका पावलोपावली भेटते. राणीबाग तिची, अग्निशमन दलाचं मुख्यालय तिचं, ई विभागाचं कार्यालय तिचं. पेंग्विनच्या मासळीपासून बंबाच्या डिझेलपर्यंतचा खर्च ज्या तिजोरीतून होतो, तिची सर्वांत मोठी आवक मात्र शहराच्या वेशीवर गोळा होई : दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या जकात नाक्यांवर. ३० जून २०१७च्या मध्यरात्री ती थांबली आणि जीएसटी आला.

सारा देश एक बाजारपेठ व्हायचा, तर वेशीवर ट्रक अडवून कर घेणं चालणार नव्हतं. १०१व्या घटनादुरुस्तीने जकातीचा आधारच काढून घेतला. राज्यातल्या इतर महापालिकांनी जकात आधीच सोडून एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, स्वीकारला होता; मुंबईने ती अखेरपर्यंत धरून ठेवली. रोजच्या रोज येणारी ही रोकड वर्षाला सात हजार कोटींच्या घरात जाई. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या तेलाचा त्यात मोठा वाटा होता.

अशा आर्थिक संघात शिरण्याआधीचं वर्ष फार मोलाचं असतं. युरोत येऊ पाहणाऱ्या देशांना १९९२च्या मास्ट्रिक्ट कराराने वित्तीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांत ठेवायला सांगितलं होतं. इटलीने त्यासाठी नागरिकांवर खास ‘युरो कर’ बसवला आणि पुढे त्यातला ६० टक्के परतही केला. इटलीला हिशेबात तूट कमी दाखवायची होती. मुंबईचं उलटं होतं : शेवटच्या वर्षी वसुली जेवढी जास्त, तेवढी पुढची भरपाई मोठी.

कारण मे २०१७च्या विशेष अधिवेशनात झालेल्या राज्याच्या कायद्याने, बुडालेल्या जकातीपोटी महापालिकेला द्यायच्या भरपाईसाठी, २०१६-१७ हेच पायाभूत वर्ष धरलं. त्या वर्षीच्या उत्पन्नावर दरसाल ८ टक्के वाढ धरायची आणि रक्कम दर महिन्याला आगाऊ द्यायची, असं ठरलं. ५ जुलैला ६४७ कोटी ३४ लाखांचा पहिला धनादेश महापालिकेला मिळाला. म्हणजे वर्षाचे सुमारे ७,७६८ कोटी. चक्रवाढीने ही रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. केंद्राने राज्यांना त्यांच्या जीएसटी भरपाईत १४ टक्के वाढीची हमी दिली होती. पण तिची मुदत फक्त पाच वर्षांची, जून २०२२ला संपणारी.

सौदा मुंबईच्या हिताचा होता, हे मान्य करायला हवं. ट्रकांच्या रांगा संपल्या आणि उत्पन्नाची शाश्वती आली. पण जकात महापालिका स्वतः वसूल करत होती. भरपाईसाठी तिला राज्याकडे पाहावं लागतं. २०२२मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. लहान घरांच्या या शहरात तो दिलासा खराच, पण महापालिकेच्या हक्काच्या उत्पन्नाचा आणखी एक भाग त्याने कमी झाला.

जकात गेल्यावर महिन्याभरातच, ऑगस्ट २०१७मध्ये, राणीबागेचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. ती दरवाढ जकातीपायी नव्हती. पण तिकिटाचा दर भायखळ्यातल्या त्या फाटकावर काय असावा, हे अजून महापालिकाच ठरवते.