ट्राउटचा गळ आणि शिशाची गोळी

गरीला आमिष लावून मासा धरणे आमच्या कोकणातील वाचकांना नवे नाही. तरीही अमेरिकेतील तळ्यांवर ट्राउट माशासाठी जो गळ बांधतात, त्याची माहिती आज आम्ही मुद्दाम देत आहोत. त्याला लागणारे किरकोळ सुटे सामान ओतकाम व पितळकाम करणाऱ्या आणि परदेशी माल पाठवणाऱ्या बांधवांनी पाहण्यासारखे आहे.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. तळ्यात सोडलेला ट्राउट बहुधा हॅचरीत दाणेदार खाद्यावर वाढलेला असतो. तळाशी गाळ व शेवाळ असल्याने आमिष त्यात रुतले की माशाला दिसत नाही. म्हणून वजन तळाशी आणि आमिष हातभर वर तरंगते, अशी बांधणी करतात.

चार ते सहा पौंडी तंगूस घ्यायचा. त्यात आरपार भोक असलेली, अंड्याच्या आकाराची शिशाची गोळी ओवायची. वजन पाव ते अर्धा औंस, म्हणजे सुमारे ७ ते १४ ग्रॅम. मागून एक मणी, जेणेकरून गोळी गाठीवर आपटणार नाही. मग स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोकांना कडी असलेली इवलीशी फिरकी. तिच्या दुसऱ्या कडीला दीड-दोन फूट बारीक तंगूस आणि टोकाला १६ किंवा १८ नंबरची तीन काट्यांची गरी. नंबर वाढेल तशी गरी लहान होते. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करतात. कोरडी आवळली तर तंगूस घर्षणाने कमजोर होतो.

खरी खुबी गोळीच्या भोकात आहे. मासा आमिष ओढतो तेव्हा तंगूस भोकातून सरकतो, गोळी जागीच राहते आणि माशाला वजन जाणवत नाही. भोकाची कड खरबरीत राहिली तर तंगूस कापला जातो, मासा जातो आणि त्याच्यामागून गिऱ्हाईकही.

आमिष म्हणून तरंगणाऱ्या पिठाची गोळी गरी पूर्ण झाकेल अशी दाबून बसवतात आणि काठाजवळच्या पाण्यात तरंगते का ते पाहतात. बुडाली तर थोडे पीठ वाढवायचे. गांडूळ लावणारे सुईने त्यात हवा भरतात, तेही तरंगावे म्हणून. आमिष मासा खोल गिळतो, त्यामुळे सोडून दिलेला मासा पुष्कळदा मरतो. मासा खायचा असेल तरच हा गळ टाकावा, असे आम्हांस वाटते.

या पिठात मोठे नाव बर्कलीच्या पॉवरबेटचे. कंपनीचा संस्थापक बर्कली बेडेल याने १९३७ साली, शाळकरी वयात, वर्तमानपत्रे टाकून साठवलेल्या ५० डॉलरवर आयोवातील स्पिरिट लेक येथे केसा-पिसांच्या कृत्रिम माश्या बांधून विकायला सुरुवात केली होती. पुढे तो अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. ही गोळी शिशाची असते आणि शिशावरच गंडांतर आले आहे. पाण्यात पडलेले शिसे गिळून हंस मरतात म्हणून ब्रिटनने १९८७ पासून अशा लहान वजनांची विक्री बंद केली. आपली ७ ते १४ ग्रॅमची गोळी त्या बंदीत येते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने लून पक्ष्यांसाठी २०१६ पासून एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री थांबवली. बऱ्याच राज्यांत शिसे अजून चालते. पण ज्या घरात लेकरे वावरतात तिथे शिसे वितळवणाऱ्या कारागिराने पक्ष्यांपुरताच विचार करू नये.

बदली धातू तीन-चार आहेत. टंगस्टन शिशाहून जड, पण लहान भट्टीत वितळत नाही. कथील सहज वितळते, मात्र बरेच हलके. पितळ मधले. तेवढ्याच वजनाची पितळी गोळी शिशाहून आकाराने सुमारे एक-तृतीयांश मोठी होते, म्हणून जुना साचा चालणार नाही. शिवाय यंत्रावर सहज कातले जावे म्हणून पितळातही थोडे शिसे घालतात. तेव्हा नमुना पाठवण्याआधी पितळाची तपासणी करून घ्यावी आणि शिशाचे प्रमाण किती चालेल, हे खरेदीदाराकडून लेखी मागवावे.